क्षमा कोणाकडे मागायची? यहुदी परंपरेतील तेशुवा आणि माणसाची घडण

पाणवठा (धागाकर्ता)

यहुदी वर्षातला सर्वांत पवित्र दिवस योम किप्पूर हा मानला जातो. सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य करून लोक सिनेगॉगमध्ये प्रार्थना करतात आणि पापांची कबुली देतात. बाहेरून पाहणाऱ्याचा असा समज होतो की कडक उपवास केला, देवापुढे डोळ्यांतून पाणी काढले, की माणूस वर्षभराच्या ओझ्यातून सुटला. या धर्माचे शास्त्र मात्र नेमके ह्याच समजाला आडवे येते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, योमा या प्रकरणाच्या अखेरीस, एक नियम आहे: माणूस आणि देव यांच्यातील अपराधांचे क्षालन योम किप्पूरने होते, माणसाने माणसाच्या केलेल्या अपराधांचे क्षालन, त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज, योम किप्पूरनेही होत नाही.

हा धागा मी याच नियमासाठी काढला आहे. आत्मविकासाविषयी आज जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात माणूस बहुधा एकटा असतो. तो ध्यान करतो, रोजनिशी लिहितो, संकल्प सोडतो, स्वतःला माफ करतो. यहुदी आचार्यांचे म्हणणे याहून कठोर आहे आणि मला ते अधिक खरे वाटते. ज्या स्वभावदोषाने दुसऱ्याला इजा झाली, तो दोष बंद खोलीत बसून दुरुस्त होत नाही. त्यासाठी उठून त्या दुसऱ्याच्या दारापर्यंत जावे लागते, आणि तेथे गेल्यावर काय होईल हे आपल्या हाती नसते.

चुकीच्या वाटेवरून मागे फिरण्याच्या या साधनेला तेशुवा म्हणतात. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिडीस, यांनी तिचे नियम एकत्र लिहून काढले. त्यांचा जन्म स्पेनमधील कोर्दोबाचा. पुढे इजिप्तमध्ये फुस्तात येथे ते वैद्यकी करीत. धर्मशास्त्राच्या त्यांच्या चौदा भागांच्या ग्रंथात तेशुवेला दहा अध्याय दिले आहेत. त्यांच्या मते पापी माणसाने ते कृत्य सोडावे, त्याचा विचारही मनातून काढावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, झाल्या गोष्टीचा खेद मानावा आणि हे सर्व तोंडाने बोलून दाखवावे. निश्चय नसताना नुसती कबुली देणारा माणूस, ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो असा मेलेला प्राणी हातात घट्ट धरून शुद्धिस्नान करणाऱ्यासारखा आहे, असे ते म्हणतात. प्राणी टाकून देईपर्यंत कितीही पाणी ओतले तरी उपयोग नाही.

खेद खरा आहे की नाही, याची त्यांनी दिलेली कसोटी मला फार मोलाची वाटते. पूर्वी ज्या प्रसंगात माणूस घसरला तोच प्रसंग पुन्हा समोर यावा, ते करण्याची शक्ती आणि ओढ दोन्ही शिल्लक असावी, आणि तरीही त्याने ते करू नये. तेही भीतीने किंवा दुबळेपणाने नव्हे, तर वळलेल्या मनाने. म्हातारपणी, हातून काही होण्याजोगे उरले नाही तेव्हा सोडलेल्या पापाची तेशुवाही स्वीकारली जाते, पण ती सर्वोत्तम नव्हे. रडणे, शपथा, दीर्घ क्षमापत्रे यांपैकी कशालाही त्यांनी पुरावा मानलेले नाही. पुरावा फक्त पुढच्या प्रसंगातील वागणुकीचा.

माणसाच्या अपराधाविषयीचे त्यांचे नियम असे आहेत. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई केली तरी काम संपत नाही. त्याची समजूत घालून क्षमा मागावी लागते. त्याने नकार दिला तर त्याच्या तीन मित्रांना बरोबर घेऊन पुन्हा जावे. त्यांचेही ऐकले नाही तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा असेच जावे. त्यानंतर मात्र थांबावे. मग दोष नाकारणाऱ्याकडे जातो. अपवाद गुरूचा: त्याच्याकडे हजार वेळा जावे लागले तरी जावे. दुसऱ्या बाजूनेही बंधन आहे. ज्याच्याकडे मनापासून क्षमा मागितली जाते त्याने निष्ठुर होऊ नये, सहज प्रसन्न व्हावे आणि राग सावकाश धरावा.

सभासदांपैकी ज्यांचा या परंपरेशी जन्माचा किंवा अभ्यासाचा संबंध आहे त्यांनी भर घालावी, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी तेही लिहावे.

---

ठाणेकरीण

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी यहुदी, कुटुंबातील आहे. आमचे सिनेगॉग, ठाण्याचे शार हाशामाईम, १८७९ सालचे आहे. आपण ग्रंथातील नियम नीट मांडलेत. घरात ते कसे दिसतात तेवढे मी सांगते.

आमच्या समाजात योम किप्पूरला जुनी माणसे दारफाळणीचा सण म्हणत. कोकणातील खेड्यांमध्ये तेल गाळणारे आमचे पूर्वज, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांना शनवार तेली म्हटले जाई, त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपवास करून, घराची दारे लावून आत बसत. हिब्रू प्रार्थनांशी त्यांचा संबंध कित्येक पिढ्या जवळजवळ तुटलेला होता, तरी हा दिवस सुटला नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण असे, आणि तो भेटीगाठींचा व दानधर्माचा दिवस असे. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. मग आमच्या आज्या-पणज्यांना आपण कशाची कबुली देत आहोत हे स्वतःच्या भाषेत वाचता येऊ लागले.

तयारी महिनाभर आधी सुरू होते. यहुदी पंचांगातला एलुल महिना लागला की पहाटे सेलिखोत म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना होतात. नंतर रोश हशाना, म्हणजे नव्या वर्षाचा सण, आणि त्यापासून योम किप्पूरपर्यंतचे दहा दिवस. या दहा दिवसांत मोठ्यांच्या पाया पडणे, नातेवाइकांना फोन करणे, "काही चुकले असेल तर क्षमा करा" असे म्हणणे हे आमच्या घरी ठरलेले असे. माझी आई या वाक्यावर समाधानी नसे. "काही चुकले असेल तर" असे म्हणायचे नाही, काय चुकले ते सांगायचे, असा तिचा आग्रह असे.

मला एक गोष्ट खटकते आणि ती आमच्याच समाजाविषयी आहे. ज्यांना आपण दुखावलेले नसते, त्यांनाच आपण सर्वांत सहज फोन करतो. मामा, मावशी, शेजारी, जुने शिक्षक, सर्वांना निरोप जातो. ज्या एका भावजयीशी वर्षभर बोलणे बंद आहे तिचा क्रमांक मात्र लावला जात नाही. आता तर एकच लिहिलेला मजकूर शंभर जणांना पाठवला जातो. मिश्नेतला नियम ज्या एका माणसासाठी आहे, तो माणूस नेमका त्या यादीतून वगळला जातो.

---

तर्कशुद्ध

दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. मला यात एक मूलभूत अडचण दिसते. क्षमा ही अंतःकरणातून यावयाची गोष्ट आहे. तीन वेळा जा, तीन मित्र न्या, मग तुमची जबाबदारी संपली, असे नियम केले की माणूस खेदाऐवजी हिशेब करू लागतो. तिसरी फेरी झाली, आता मी मोकळा, अशी वृत्ती त्यातून निर्माण होणार नाही का? शिवाय मित्रांचे शिष्टमंडळ घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे हा त्याच्यावरील दबावच आहे.

---

पाणवठा

आपला आक्षेप वजनदार आहे, आणि तालमूद, म्हणजे मिश्ना व तिच्यावरील आचार्यांच्या चर्चांचा ग्रंथ, रचणाऱ्यांना तो सुचला नव्हता असे मात्र नाही. योमा प्रकरणातच त्यांनी दोन-तीन गोष्टी अशा ठेवल्या आहेत की नियम वाचून निश्चिंत झालेला विद्यार्थी पुन्हा अस्वस्थ व्हावा.

पहिली गोष्ट राव या थोर आचार्यांची. तरुणपणी ते रब्बी (धर्मगुरू) येहुदा हनासी यांच्यासमोर पाठ वाचीत होते. रब्बी हिय्या आत आले म्हणून रावने पाठ पहिल्यापासून सुरू केला. बार काप्पारा आले, पुन्हा आरंभ. येहुदा हनासींचे पुत्र शिमोन आले, पुन्हा आरंभ. मग रब्बी हनीना आले, तेव्हा मात्र राव म्हणाले की किती वेळा मागे जायचे, आणि पाठ पुढे चालू ठेवला. हनीना दुखावले. त्यानंतर तेरा वर्षे, प्रत्येक योम किप्पूरच्या आदल्या दिवशी, राव त्यांच्याकडे क्षमा मागायला गेले आणि हनीनांनी ती केली नाही. यावर तालमूद स्वतःच विचारते: तीनपेक्षा अधिक वेळा जायचे नाही ना, मग राव कसे गेले? उत्तर एवढेच की रावची गोष्ट वेगळी. नियम सामान्य माणसाला किमान काय करावे ते सांगतो; अधिक करण्याची मुभा तो काढून घेत नाही. हनीनांनी नकार का दिला याचेही स्पष्टीकरण आहे. राव मोठ्या पदाला जाणार असे सुचवणारे स्वप्न त्यांना पडले होते, आणि रावने बाबिलोनियाला जाऊन तेथे विद्या द्यावी अशी त्यांची इच्छा होती. मला हे स्पष्टीकरण नेहमी थोडे अपुरे वाटते, परंतु नकाराला काही कारण असलेच पाहिजे ही शास्त्राची अपेक्षा त्यातून दिसते.

दुसरी गोष्ट आपल्या दबावाच्या मुद्द्याची आहे. एका खाटकाने रावचा अपराध केला होता. योम किप्पूरची पूर्वसंध्या आली तरी तो क्षमा मागायला आला नाही, तेव्हा रावच म्हणाले, मीच त्याच्याकडे जातो. वाटेत त्यांचे शिष्य राव हूना भेटले. गुरू कोठे निघाले आहेत हे कळताच ते म्हणाले की अब्बा (हे रावचे मूळ नाव) माणूस मारायला निघाले आहेत. खाटीक जनावराचे डोके फोडीत बसला होता. त्याने वर पाहिले, "अब्बा का तू? जा, तुझ्याशी मला काही कर्तव्य नाही," असे म्हणून तो पुन्हा कामाला लागला. एक हाड उडाले, त्याच्या गळ्यावर बसले आणि तो मेला.

याच पानावर रब्बी झेरा यांची रीत सांगितली आहे. कोणी त्यांचा अपराध केला तर ते त्या माणसाच्या समोरून सहज चालत जात, पुन्हा येत, पुन्हा जात. मुद्दा काढीत नसत. त्याला बोलायचे असेल तर बोलता यावे, इतकीच संधी देत. मी या दोन कथा एकत्र वाचतो. रावचा हेतू उदात्त होता, पण मोठा माणूस लहान माणसाच्या दुकानात जाऊन उभा राहिला की त्यात आपोआप आरोप येतो. हूनांना तो धोका दिसला, रावना दिसला नाही. झेरांनी समोरच्याची लाज राखली. तेव्हा आपण ज्याला दबाव म्हणता त्याची जाणीव या परंपरेला आहे. तिने नियम ठेवला आणि नियमाशेजारी त्याचे भयही ठेवले.

तीन वेळांच्या मर्यादेविषयी माझे मत असे आहे की ती मागणाऱ्याच्या सोयीसाठी जितकी आहे तितकीच त्याच्या रक्षणासाठी आहे. मर्यादा नसती तर नाकारणाऱ्याच्या हाती आयुष्यभराची सत्ता आली असती.

---

निळी शाई

मी या विषयाची अभ्यासक नाही, परंतु प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. एका जवळच्या नातेवाइकाने काही वर्षांपूर्वी माझ्या चारित्र्याविषयी खोट्या गोष्टी पसरवल्या. लग्न मोडले. आता तो क्षमा मागतो आणि घरातील सर्व जण मला सांगतात की मोठ्या मनाने विसरून जा. "निष्ठुर होऊ नये" हा नियम वाचला आणि खरे सांगायचे तर मला तो माझ्यावरच आरोप केल्यासारखा वाटला. ज्याला जखम झाली त्यालाच वर क्षमेचे कर्तव्य, हा न्याय आहे का?

---

ठाणेकरीण

ताई, आपल्या प्रसंगासाठी शास्त्रात वेगळा निर्णय आहे आणि तो आपल्याला ठाऊक असावा असे मला वाटते. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोव येथे मोशे इस्सर्लेस हे मोठे धर्मनिर्णायक होऊन गेले. योम किप्पूरच्या नियमांत, क्षमा करणाऱ्याने निष्ठुर होऊ नये या वाक्याला जोडूनच, त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. क्षमा रोखून धरण्यात मागणाऱ्याचेच हित असेल तर ती रोखता येते. आणि ज्याच्याविषयी खोटी बदनामी पसरवली गेली, त्याच्यावर क्षमा करण्याचे बंधनच नाही.

यामागचा विचार सरळ आहे. मार लागला तर जखम भरते, पैसे घेतले तर परत देता येतात. पसरलेली बदनामी कोणाकोणाच्या कानी गेली हे पसरवणाऱ्यालाही माहीत नसते, त्यामुळे त्याने समजूत घातली तरी भरपाई पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. आपल्याकडे क्षमा मागताना त्याने किती लोकांकडे जाऊन "मी खोटे बोललो" असे सांगितले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. घरच्यांनी आपल्याला समजावण्यापेक्षा त्याला ती यादी करायला लावावी.

---

निळी शाई

आभारी आहे. "बंधन नाही" हे दोन शब्द कोणी अधिकाराने लिहून ठेवले आहेत हे समजल्यावर विचार करायला जागा झाली. यादीचा मुद्दा मी घरी मांडणार आहे.

---

कातळवाट

बदनामीच्याच अनुषंगाने एक वाद नोंदवतो. एकोणिसाव्या शतकात लिथुआनिया आणि आसपासच्या प्रदेशात दोन मोठी नावे होती. रब्बी यिस्राएल मेईर कागान यांनी चहाडी आणि निंदा यांविषयीचे नियम स्वतंत्र ग्रंथात मांडले. रब्बी यिस्राएल सलांतर हे मूसार चळवळीचे, म्हणजे स्वभाव घडवण्याच्या शिस्तीचे प्रवर्तक. प्रश्न असा: मी कोणाची निंदा केली आणि त्याला ते कळलेलेच नाही, तर त्याच्याकडे जाऊन सांगावे का? कागान यांचे मत की सांगून क्षमा मागावी. सलांतर यांनी याला हरकत घेतली असे परंपरा सांगते, कारण स्वतःचे मन हलके करण्यासाठी दुसऱ्याला नवे दुःख देण्याचा अधिकार कोणाला नाही. मी सलांतर यांच्या बाजूचा आहे. क्षमायाचनेतही स्वार्थ असू शकतो.

सलांतर यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जेवणापूर्वीच्या विधीपूर्वक हात धुण्यासाठी ते अगदी नियमापुरतेच पाणी घेत. कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले की हे पाणी घरची मोलकरीण विहिरीवरून वाहून आणते. दुसऱ्याच्या पाठीवर स्वतःची धार्मिकता वाढवायची नसते.

मूळ धाग्यात एक बाजू राहिली असे वाटते. तेशुवा केवळ कृत्यांची नसते. मैमोनिडीस स्पष्ट लिहितात की चोरी किंवा व्यभिचार यांसारख्या कृत्यांपुरतीच तेशुवा आहे असे समजू नये. क्रोध, वैर, मत्सर, कुचेष्टा, पैशाचा आणि मानाचा हव्यास यांपासूनही परत फिरावे लागते, आणि हे दोष कृत्यांहून कठीण, कारण माणूस त्यांत बुडाला की त्यांतून सुटणे अवघड होते. पण स्वभावापासून परत फिरायचे कसे? त्यांचे उत्तर सवयीचे आहे. मिश्नेवरील भाष्यात ते विचारतात की एका गरजूला एकदम हजार सुवर्णनाणी देणारा आणि एकेक नाणे हजार वेळा देणारा यांत कोणाचा स्वभाव अधिक उदार होईल? दुसऱ्याचा, कारण त्याने हाताची मूठ हजार वेळा उघडली. पहिल्याच्या मनात एकदा उदारतेची मोठी लाट आली आणि ओसरली. बहुतेक गुणांत मध्यममार्ग धरावा असे सांगणारे मैमोनिडीस गर्व आणि क्रोध या दोहोंच्या बाबतीत मात्र मध्यावर थांबू देत नाहीत. तेथे विरुद्ध टोकापर्यंत जावे असे ते म्हणतात.

हीच सवयीची कल्पना पोदोलियातील (आजच्या युक्रेनमधील) मेनाखेम मेंडल लेफिन यांनी १८०८ मध्ये वहीच्या रूपात आणली. समता, सहनशीलता, व्यवस्थितपणा, नम्रता, मौन, सत्य असे तेरा गुण. दर आठवड्याला एक गुण लक्ष्य म्हणून घ्यायचा, रोज रात्री त्यातील चुकांची खूण वहीत करायची. तेरा आठवड्यांनी फेरी संपते, आणि वर्षात चार फेऱ्या होतात. ही पद्धत त्यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडून घेतली होती. पुढे सलांतर यांच्या अनुयायांनी हे पुस्तक आपलेसे केले. एका परक्या, ख्रिस्ती वातावरणात वाढलेल्या मुद्रकाची युक्ती धर्मशिक्षणाच्या शाळांत इतक्या सहजपणे स्वीकारली गेली, याचे मला कौतुक वाटते.

मी स्वतः ही वही ठेवतो. सांगण्यासारखे इतकेच की ज्या आठवड्यात मौन हा गुण असतो त्या आठवड्यात माझ्या बोलण्यातील किती भाग दुसऱ्याला लहान करण्यासाठी असतो ते कागदावर दिसते. अन्य कोणत्याही उपायाने ते मला दिसत नव्हते.

---

तर्कशुद्ध

नाण्यांचे उदाहरण मला पटले, आणि माझ्या आक्षेपाचे अर्धे उत्तरही त्यात आहे. नियम अंतःकरणाची जागा घेत नाहीत, ते अंतःकरणाला वळण लावतात, असे आपण म्हणता आहात. उरलेला अर्धा प्रश्न असा: समाजाने अपराध्याशी कसे वागावे याविषयी शास्त्र काही सांगते का? परत फिरणाऱ्यावर इतक्या अटी आणि इतरांवर काहीच नाही?

---

वकीलपेशा

इतरांवर बंधने आहेत, आणि कायद्याचा माणूस म्हणून मला तीच अधिक भावतात.

मिश्नेच्या गिट्टीन प्रकरणात चोरलेल्या तुळईचे उदाहरण आहे. एकाने तुळई चोरली आणि आपल्या इमारतीत बसवली. आता त्याला उपरती झाली. तोराचा, म्हणजे यहुदी धर्माच्या मूळ ग्रंथाचा, नियम आहे की लुटलेली वस्तू तीच परत द्यावी. शम्माय आणि हिल्लेल या दोन आचार्यांच्या संप्रदायांत यावर मतभेद झाला. शम्मायच्या संप्रदायाने म्हटले, मग सारी इमारत पाडा आणि तुळई काढून द्या. हिल्लेलच्या संप्रदायाने म्हटले, तुळईची किंमत द्यावी, तेवढे पुरे. आणि कारण दिले की हा नियम परत फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे. इमारत पाडावी लागणार असेल तर कोणीही चोरी कबूल करणार नाही, आणि मग मालकाला तुळईही मिळणार नाही आणि पैसेही. निर्णय हिल्लेलच्या बाजूने आहे. लक्षात घ्या, येथे पीडिताचा हक्क बुडवलेला नाही. त्याला पूर्ण मूल्य मिळते. केवळ अपराध्याचा सर्वनाश हे परतफेडीचे मोजमाप मानलेले नाही.

दुसरे बंधन जिभेचे आहे. बावा मेत्सिया प्रकरणात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीच्या नियमांलगतच, शब्दांनी होणारी पिळवणूक सांगितली आहे. जो परत फिरला आहे त्याला "तुझी पूर्वीची कृत्ये आठव" असे म्हणू नये. फसव्या भावाने माल विकणे आणि सुधारलेल्या माणसाला त्याचा भूतकाळ ऐकवणे हे शेजारी शेजारी निषिद्ध ठरवले आहे. शिक्षा भोगून आलेल्या अशिलांना भाड्याचे घर आणि नोकरी मिळवताना काय ऐकावे लागते हे मी पाहत आलो आहे, त्यामुळे या नियमाकडे मी केवळ सद्भावना म्हणून पाहू शकत नाही.

तालमूदमध्ये रब्बी मेईर यांच्या पत्नी बेरूरिया यांची गोष्ट आहे. शेजारचे गुंड मेईरना छळीत, तेव्हा ते मरावेत अशी प्रार्थना मेईर करू लागले. बेरूरियांनी त्यांना अडवले: स्तोत्रात पापे नाहीशी होवोत असे म्हटले आहे, पापी नाहीसे होवोत असे नाही, ते परत फिरावेत म्हणून प्रार्थना करा. मेईरांनी तसे केले आणि ते गुंड परत फिरले.

---

अश्दोदहून

मी इस्राएलमध्ये राहतो, घरात अजून मराठी बोलतो. योम किप्पूरला येथे रस्ते रिकामे असतात. मोटारी जवळजवळ दिसत नाहीत, मुले हमरस्त्यावर सायकली चालवतात.

वरील चर्चेत प्रत्येकाने एकट्या माणसाची तेशुवा मांडली. पण त्या दिवसाची कबुली बहुवचनात असते. "आम्ही अपराध केला, आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुटले," अशी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने यादी चालते, आणि ज्याने कधी काही लुटले नाही तोही छातीवर मूठ ठेवून "आम्ही लुटले" म्हणतो. समूहाने केलेल्या अपराधात गप्प राहिलेल्यांचाही वाटा आहे, असे मला या बहुवचनातून कळते.

म्हणून एक ऐतिहासिक उदाहरण नोंदवतो. ते माझ्या जन्मापूर्वीचे आहे, पण सार्वजनिक इतिहासाचा भाग आहे. १९६२ साली येथील मुख्य रब्बीसंस्थेने बेने इस्राएल व्यक्तींच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असे निर्देश काढले. कोकणात शतकानुशतके शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळलेल्या समाजाच्या यहुदीपणावर त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत अशी भूमिका जाहीर केली आणि त्यानंतर निर्देशातून समाजाचे नाव काढले गेले. मैमोनिडीसच्या पायऱ्यांवर हे ठेवून पाहिले तर नाव काढणे ही कृत्य थांबवण्याची पायरी झाली. खेद, उघड कबुली आणि समजूत या तिच्यापुढच्या पायऱ्या आहेत, आणि त्या संस्थांनाही चढाव्या लागतात असे माझे ठाम मत आहे. शास्त्र व्यक्तीला इतके मागते, तर शास्त्र सांगणाऱ्यांना कमी कसे मागेल?

---

पाणवठा

आपले उदाहरण या धाग्याला आवश्यक होते. मूळ लेखात मी प्रत्येक नियम एका माणसाचा म्हणून मांडला. बहुवचनातील कबुलीमुळे तो समूहालाही लागू होतो हे आपण दाखवलेत.

---

तागडी

मी आयुष्यभर धान्याच्या व्यापारात होतो, आता मुले दुकान पाहतात. आमच्या व्यवसायात काही जण वर्षानुवर्षे मापात मारतात. समजा, अशा एखाद्या माणसाला उतारवयात खरोखर वाईट वाटले. गिऱ्हाईक हजारो, त्यांची नावे माहीत नाहीत, कित्येक गावे सोडून गेले, कित्येक वारले. त्याने कोणाच्या दारात जायचे? आपण सांगितलेले सारे नियम तेथे थांबतात असे वाटते. आणि ज्याचा अपराध केला तो वारला असेल तर काय?

---

पाणवठा

तागडीराव, दोन्ही प्रश्नांची उत्तरे शास्त्रात आहेत.

मृत्यूचा प्रश्न आधी घेतो. मैमोनिडीस सांगतात की अपराध्याने दहा माणसे बरोबर घेऊन त्या व्यक्तीच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमक्ष, काय अपराध केला ते नाव घेऊन सांगून, "मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे" अशी कबुली द्यावी. देणे असेल तर ते वारसांना द्यावे. वारस माहीत नसतील तर रक्कम न्यायसभेकडे ठेवावी आणि तेथे कबुली द्यावी. दहा साक्षीदार का, याचे कारण मला असे दिसते की ज्याची क्षमा मिळू शकत नाही, त्याच्या वतीने निदान समाजाने ऐकावे आणि मृताच्या नावावर काही डाग राहिला असेल तर तो पुसला जावा.

अनोळखी गिऱ्हाइकांचा प्रश्न तालमूदच्या बावा काम्मा प्रकरणात जवळजवळ आपल्याच शब्दांत आला आहे. तेथे मेंढपाळ, करवसुली करणारे आणि जकातदार यांची नावे घेतली आहेत. मेंढपाळ दुसऱ्यांच्या शेतात गुरे चारतात, वसुलीवाले ठरल्याहून अधिक उकळतात, आणि कोणाकोणाचे किती घेतले हे त्यांनाच ठाऊक नसते. यांची तेशुवा कठीण आहे, असे तालमूद स्पष्ट म्हणते. ती सोपी असल्याचा धीर देत नाही. ज्यांची ओळख आहे त्यांना परत द्यावे. उरलेल्या रकमेतून सार्वजनिक गरजेची कामे करावीत. ती कोणती, तर राव हिस्दा सांगतात: पाण्याच्या विहिरी, चर आणि टाकी. पाणी सर्वांनाच लागते, म्हणून ज्यांना लुटले त्यांतील कोणी ना कोणी, किंवा त्यांची मुले, त्या विहिरीवर येण्याचा संभव असतो.

आपल्या उदाहरणातील व्यापाऱ्याने, माझ्या समजुतीप्रमाणे, आधी उधारीच्या जुन्या वह्या काढाव्यात, कारण नावे माहीत नाहीत असे वाटते त्यापेक्षा बरीच नावे तेथे सापडतात. त्यांचे देणे चुकते करावे. त्यानंतर उरेल त्यातून ज्या वस्तीने वर्षानुवर्षे त्याच्याकडून धान्य घेतले त्याच वस्तीत पाण्याची सोय करावी, आणि मुलांच्या हाती दुकान देताना मापे तपासून द्यावीत.